मागचं टोपण

नाना,

काल तुमच्या दारावर येऊन गेलो. एकदा नाही, दोनदा. सुतकाच्या दारावर एका दिवशी दोनदा कोणी जात नाही, ही रीत तुम्हीच मला सांगितली होती. दारावरून निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, वळून पाहायचं नाही, सरळ घर गाठायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. मी अर्ध्या वाटेतून परत फिरलो. का फिरलो ते सांगायला हे लिहितोय. बोलून सांगायची माझ्या तोंडाला सवय नाही. तुम्हीच म्हणायचे, “रोह्याच्या तोंडातून शब्द काढायला अठरा-एकोणीसचा पाना लागतो.”

सांगायची गोष्ट एकच. मास्तरांची गाडी दुरुस्त करताना तुम्ही चुकले नव्हते. हे सहा वर्षं मला एकट्याला माहीत होतं आणि मी ते गिळून बसलो होतो. गिळलं, पण पचलं नाही. आत सडत राहिलं. आता तोंड उघडलं तर आधी त्याचाच वास मला येतो.

तुमच्या दारावर मी आलो तो मास्तरांच्याच गाडीतून. तीच गाडी, नाना. पांढरी होती, आता जुन्या दातासारखी पिवळी झालीय. मास्तर स्वतः चालवत होते, त्यांच्या शेजारी आपल्या गॅरेजशेजारचा टायरवाला बापू, मागच्या सीटवर मी. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या थांबवल्या होत्या. मास्तरांनी गिअर काढला, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि गाडी थरथरायला लागली. आरसा हलून त्यातलं मागचं सगळं पुसट झालं. दाराच्या खणात मास्तरांचा चष्म्याचा डबा होता, तो वाजायला लागला. मी ऐकत होतो. तीन ठोके, एक खड्डा. तीन ठोके, एक खड्डा.

मला तिथंच कळलं.

“रोहिदास,” मास्तर आरशातून म्हणाले, “तुमचं फाउंडेशन गेलं वाटतं परत. सहा वर्षं टिकलं, कमी नाही.”

फाउंडेशन म्हणजे ज्या रबरांवर इंजिन बसतं ती. मी म्हणालो, “पाहू.”

“पाहायचं काय त्यात? तेव्हा तुम्हीच तर पाहिलं होतं.” मग मास्तरांनी बापूला तो किस्सा सांगितला. बापूनं तो माझ्यासमोरच वीसदा ऐकला असेल, तरी असा कान देऊन बसला की जणू पहिल्यांदाच. नाना मिस्तरी गाडीची एक वायर घट्ट बसवायला कसे विसरले, आपण विसरलो हेच विसरून दोन दिवस इंजिन खोलून कसे बसले, आणि शेवटी रोहिदासनं दोन रबरं बदलून गाडी कशी दुधासारखी शांत केली.

“नानांचा हात गेला होता हो शेवटी,” बापू म्हणाला. “देवमाणूस, पण हात गेला.”

चाललो होतो तुमच्या दारावर. डोक्यावर पांढऱ्या टोप्या. आणि हसत होतो. मीही हसलो, नाना. आवाज काढला नाही, पण आरशात माझे दात मला दिसले. तेव्हापासून मला माझ्या तोंडाची किळस येतेय.

तुमच्या घरी सतरंजीवर बसलो. जावयांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिथंही कोणी तरी मला ओळखलं. “हे नानांचे धुळ्याचे. शेवटी शेवटी गॅरेज यांनीच सांभाळलं.” मान डोलावणारे चार-पाच. एकानं तर माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला शेणाच्या पोवासारखा वाटला, ओला आणि जड. पण मी तो झटकला नाही, कारण झटकायचा हक्क असणारा माणूस असा बसत नाही.

आत तुमचा फोटो होता, दिवा होता, आणि दिव्याशेजारी पाण्यानं अर्धा भरलेला तुमचा तो पेला. काठाला पोचा पडलेला, स्टीलचा. मला वाटलं होतं तो तुम्ही कुठं तरी टाकून दिला असेल.

बाहेर एक लोडिंग रिक्षा येऊन थांबली. सतरंज्या का खुर्च्या आणल्या होत्या कोणी. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नाही. दिव्याशेजारचं पाणी थरथरायला लागलं. काठापासून मध्याकडं बारीक बारीक वर्तुळं. मी पाहत राहिलो. सगळ्यांना वाटलं मी फोटोकडं पाहतोय.

तेवढ्यात तुमची सुनंदा चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना म्हणाली, “भाऊ, बाबा तुमचं नाव काढायचे. पण शेवटची वर्षं फार भित्रे झाले होते हो. मोबाइल चार्जिंगला लावला तरी आईला हाक मारायचे, ‘पिन बराबर बसनी का, पाहय बरं.’ गॅसचं बटण बंद केलं तर मला परत बघायला लावायचे. नळ बंद केला तरी. म्हणायचे, मना हातवर भरोसा नही.”

मी चहा प्यायलो. सगळा प्यायलो, नाना. तिच्या हातचा चहा, ते ऐकल्यावर. आणि बशी परत देताना म्हणालो, “वय झालं की होतं असं.”

हे वाक्य मी बोललो. माझ्याच तोंडानं.

आता तुम्हाला ती गाडी आठवा म्हणून सांगायला नको. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. पण मी एकदा माझ्या बाजूनं सांगतो, कारण माझी बाजू तुम्ही पाहिलीच नाही. तुमचा खांदा तिथवर पोहोचत नव्हता.

मास्तर गाडी घेऊन आले तेव्हा ती अशीच थरथरत होती, नुसती उभी असली की. रेस दिली की शांत. मी बॉनेट उघडायच्या आधीच म्हणालो, “फाउंडेशन गेलं.” तुम्ही मला हातानं थांबवलं. “गाडी हाली राह्यनी का इंजिन हाली राह्यनं, ते आगोदर पाहय.” आणि इंजिन तापेपर्यंत बाकावर जाऊन बसले. थंड इंजिनला तुम्ही कधी काही विचारलं नाही. झोपेतून उठवलेला माणूस खरं सांगत नाही, म्हणायचे.

मग पेला आणला. अर्धा भरला, इंजिनच्या डोक्यावर मधोमध ठेवला. मला आजही कोणी विचारलं की नाना मिस्तरी काय करायचे, तर मला आधी तो पेला दिसतो, आणि त्याच्यावर वाकलेली तुमची मान. फाउंडेशन गेलेलं असेल तर इंजिन आपल्या ठिकाणी नीट चालतं, पाण्यावर सारखी वर्तुळं येतात, आणि गाडीचा पत्रा हलतो. पण एक सिलिंडर काम करत नसेल तर पाणी दर खेपेला एका बाजूला झुकतं. त्या दिवशी ते झुकत होतं. तुम्ही प्लगच्या वायरी एक एक करून काढल्या. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरी, अडखळलं. तिसरी, तेच. चौथी काढली, काहीच फरक नाही. “हाऊ पाहय, झोपेल शे,” तुम्ही म्हणाले. चौथ्याचा प्लग काढला तर पांढराफटक. बाहेरची हवा खातंय. इंजिनला हवा पुरवणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट, ती सांध्यातली पट्टी, वाळून तडकलं होतं, ते तुम्ही मला बोटानं दाखवलं.

सगळं बरोबर होतं. एकही पायरी चुकली नव्हती. मला तेव्हाही कळत होतं की बरोबर आहे, आणि म्हणूनच राग येत होता. वीस वर्षं झाली होती मला तुमच्याजवळ. पंचेचाळिशीला आलो होतो आणि माझं पहिलं वाक्य अजूनही चुकत होतं, तेही गिऱ्हाइकासमोर.

गॅस्केट तुम्ही बदललं. मागच्या बाजूचे नट आणि नळ्या माझ्याकडं, कारण तिथं हात घालायला तुमचा उजवा खांदा वर जात नव्हता. मागं, पत्र्याच्या अगदी जवळ, चौथ्या सिलिंडरच्या अंगाला एक छोटी नळी बाहेर येते. त्या गाडीत तिचं काही काम नव्हतं, तिच्यातून हवा आत शिरू नये म्हणून तिला फक्त रबराचं टोपण असतं. करंगळीच्या टोकाएवढं. ते मी नट सोडवताना काढून बाजूला ठेवलं. परत लावायचं राहिलं. मन कामात नव्हतं, मनात मी तुमच्याशी भांडत होतो.

तुम्ही पुढून विचारलं, “रोह्या, मागलं टोपण लावलं का रे?”

आपल्याकडं एक नियम होता, तुम्हीच केलेला. एकानं आवळलेल्या नटाला दुसऱ्यानं पाना लावायचा नाही. मी नवीन होतो तेव्हा माझ्यासाठीच केला होता तुम्ही तो, गिऱ्हाइकांनी मला कच्चा समजू नये म्हणून. त्या नियमानं तुम्ही कधी विचारतही नव्हते. त्या दिवशी विचारलं. आणि मला वाटलं, हा अपमान आहे. न पाहताच मी म्हणालो, “लावलं नाना.”

बस. तुम्ही परत पाहिलं नाही. माझ्या शब्दाला तुम्ही पाना लावला नाही.

गाडी चालू केली, थरथर तशीच. चौथी वायर काढली, फरक नाही. तुम्ही पेल्याकडं पाहत राहिले. संध्याकाळपर्यंत पाहत होते. दुसऱ्या दिवशी ठिणगी तपासली, अंगठा लावून दाब पाहिला, वरचं झाकण काढून व्हॉल्व्ह मोजले. गॅस्केटच्या कडेनं पाणी मारून पाहिलं, जिथवर हात पुरतो तिथवर. मास्तर खुर्ची टाकून बसले होते. “नाना, आता इंजिनचा नाही, चष्म्याचा नंबर बदला.” शेजारून बापू आला, “काय नाना, अजून बाळंत नही व्हयनी का?” हसले सगळे. तुम्हीही थोडं हसले. मग मास्तर म्हणाले, “थोडी रेस वाढवून द्या ना, थरथर जाईल.”

हा तर आपला जुना वाद. मी गिऱ्हाइकांना रेस वाढवून द्यायचो, हे तुम्हाला माहीत होतं. उभ्या गाडीचं इंजिन थोडं जोरात चालवलं की दुखणं झाकलं जातं, गिऱ्हाईक खूश. त्यावरून तुम्ही एकदा माझ्याशी आठ दिवस बोलले नव्हते. मास्तरांना तुम्ही तेच सांगितलं जे मला सांगायचे. “रेस वाढाई दिनी तं गिऱ्हाईक जाई, मास्तर. रोग आठेच राही.” रोग इथंच राहणार. मी तेव्हा मनात म्हणालो, म्हातारा हट्टी आहे. आता वाटतं, मी आयुष्यभर दुसरं काय केलं? रेस वाढवून चाललो. आत काय हलतंय ते कोणाला दिसू नये एवढ्याच जोरात.

तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणाले, “तू म्हनस तं टाक फाउंडेशन.” आणि स्वतः चहा आणायला गेले. कधी जात नव्हते तुम्ही चहाला. त्या दिवशी गेले, कारण तिथं उभं राहवत नव्हतं.

मी इंजिनखाली जॅक लावला, जुनी रबरं सोडवली. इंजिन चार बोटं पुढं झुकलं आणि मागची फट उघडली. बॅटरीचा उजेड मारला तर नळी उघडी. टोपण खालच्या पत्र्यावर पडलेलं, तेलानं काळं झालेलं.

त्या वेळी मला कोणी पाहत नव्हतं. मास्तर पेपर वाचत होते. मी ते टोपण पँटला पुसलं आणि नळीला लावलं. मग नवी फाउंडेशनं बसवली, जी बसवायची काहीएक गरज नव्हती. हात धुऊन गाडी चालू केली.

तुम्ही तीन चहा घेऊन आले तेव्हा मास्तर टाळी वाजवत होते. “याला म्हणतात नवा हात!” तुम्ही चहा बाकावर ठेवला, पेला भरला, इंजिनवर ठेवला. पाणी आरशासारखं. तुम्ही चौथी वायर काढली, इंजिन अडखळलं. लावली, शांत.

इथपर्यंत मी फक्त भित्रा होतो. पुढं जे केलं त्याला मला शब्द सापडत नाही, आणि जो सापडतो तो तुमच्यासमोर लिहायला लाज वाटते.

तुम्ही हळू आवाजात विचारलं, “रोह्या, फाउंडेशन बदलीसन चौथा सिलिंडर कसा जागा व्हयना रे?”

बरोबर प्रश्न. रबरं बदलून मेलेला सिलिंडर चालू होत नाही, हे तुमच्याशिवाय तिथं कोणाला कळलं नसतं. मी मास्तरांना ऐकू जाईल असं म्हणालो, “वायर तुमच्याकडून सैल बसली असेल नाना. मी आता दाबून बसवली.”

तुम्ही तुमच्या बोटांकडं पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासून पाहिलं, जसं कापड घेताना पाहतात. मग मान्य केलं, “व्हई बा.”

चहा घेतला नाही. पेल्यातलं पाणी रस्त्यावर ओतलं, फडक्यानं पेला पुसला, पिशवीत टाकला. “मना हात गया रे,” एवढं म्हणाले. पुढच्या महिन्यात तुम्ही मावशींना घेऊन जळगावला लेकीकडं गेले. किल्ली मला दिली. पाटीवरचं तुमचं नाव मी पुसलं नाही. पुसलं असतं तर निदान उघड चोरी झाली असती. उन्हानं ते उडालं, मी फक्त परत रंगवलं नाही.

आणि त्याच्या आधी एकदा रेडिएटरचं पाणी उडून माझा हात भाजला होता, आठवतं? महिनाभर पट्टी होती. त्या महिन्यात प्रत्येक गाडी तुम्ही दुरुस्त केली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, “रोहिदासनी करी.” मी बाकावर बसून खोटं खोटं मान हलवायचो आणि तुम्ही माझ्याकडं बघून डोळा मारायचे. तुम्ही तुमचं काम माझ्या नावावर टाकलं. मी माझी घाण तुमच्या नावावर टाकली. सहा वर्षांत धुळ्याहून जळगाव किती लांब होतं, नाना? दीड-दोन तास. मी चार वेळा आलो. दिवाळीचा फराळ घेऊन. दरवेळी तुम्ही गाड्यांचं विचारायचे आणि मी सांगायचो. दरवेळी तुम्ही एकदा तरी म्हणायचे, “तू व्हता म्हनीसन त्या दिवशी लाज राह्यनी.” मी करंजी खायचो.

काल परतताना एरंडोलला मास्तर चहाला थांबले. गाडी बंद केली नाही, परत चालू व्हायला त्रास देते म्हणाले. हॉटेलसमोर ती उभी थरथरत होती. तीन ठोके, एक खड्डा. मी म्हणालो, “बॉनेट उघडा.”

“इथं? जाऊ द्या हो, थोडी रेस वाढवून द्या तेवढी.”

“उघडा.”

मी असं कधी बोलत नाही, म्हणून त्यांनी उघडलं असावं. टॉवेल गुंडाळून मी मागं हात घातला. रबर सहा वर्षांत वाळून फुटलं होतं, बोट लावताच तुकडे झाले. मी नळीवर अंगठा दाबला. थरथर थांबली. अंगठा काढला, सुरू. दाबला, बंद. बापूच्या हातातला चहा तसाच राहिला.

“अरे वा!” मास्तर म्हणाले. “काय हात आहे! उगीच नाही नाना तुमच्याकडं सोपवून गेले.”

मग मी सांगितलं. अंगठा तसाच नळीवर, भाजत होता तरी. टोपणाचं सांगितलं, मी ‘लावलं’ म्हणालो ते सांगितलं, वायरीचं सांगितलं. नाना दोन दिवस जे शोधत होते ते माझ्या खोट्याखाली होतं, असं सांगितलं. मला वाटलं होतं मास्तर थुंकतील. मला ते हवं होतं.

 मास्तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “रोहिदास, आजकाल असं कबूल करायला कोण तयार होतं? मन मोठं लागतं. नाना असते तर त्यांना अभिमान वाटला असता.”

बापू म्हणाला, “जाऊ द्या भाऊ. माणूस गेला. आन किस्सा बी तसा वाईट नव्हता.”

नाना, मला तिथं ओकारी आली. खरीच. हॉटेलच्या मागं जाऊन पाणी तोंडावर मारलं. सहा वर्षं तुमची अब्रू खाल्ली, आणि ती ओकून टाकली तर त्याबद्दलही लोकांनी मला शाबासकीच दिली. परत आलो तेव्हा मास्तर कोणाला तरी फोनवर सांगत होते, “आमचे मिस्तरी म्हणजे हरिश्चंद्र!”

डिकीत रबरी नळीचा तुकडा सापडला. त्यात स्क्रू आवळून मी ती नळी बंद केली. काम अर्धवट सोडायचं नाही, हे तुमचं. मग मास्तरांना म्हणालो, गाडी परत जळगावला घ्या. ते दचकले. “दारावर परत? काही तरीच काय! अपशकुन असतो.” बापूही म्हणाला, “येडा व्हयना का रोहिदास भाऊ?” मी उतरलो आणि एसटी पकडली.

उन्हं कलली होती. सतरंज्या गुंडाळून भिंतीला टेकवल्या होत्या. मावशी दिव्याजवळ एकट्याच बसल्या होत्या. मला परत आलेला पाहून सुनंदा घाबरली, “भाऊ, काही राहिलं का?”

“राहिलं,” मी म्हणालो. उंबऱ्यातच बसलो आणि सगळं सांगितलं. रस्त्यात सांगितलं होतं त्याहून वाईट सांगितलं, कारण तिथं कौतुक करायला कोणी नव्हतं. सुनंदानं एकच विचारलं. “म्हणजे बाबांची बोटं ठीक होती?”

“ठीक होती.”

ती आत गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला, बराच वेळ. मावशींनी दिव्याची वात सारखी केली. माझ्याकडं पाहिलं नाही.

“सहा वरीस मी तेस्नी चार्जरनी पिन पाही दिनी,” त्या म्हणाल्या. “रोज. रोज बराबर बसेल ऱ्हाये.”

मी खाली बघत होतो.

“आते माले काबर सांगस? जेस्ले सांगानं व्हतं तेस्ले सांग.”

एवढंच. बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. शिवी दिली असती तर मी ती घरी आणून जपली असती. पेल्यातलं पाणी मात्र अगदी शांत होतं. बाहेर कुठली गाडी नव्हती.

घरी येऊन अंगावर पाणी घेतलं. काही गेलं नाही.

आज गॅरेज उघडलं, पण एकाही गाडीला हात लावला नाही. बाकावर बसून हे लिहिलं. मावशींनी सांगितलं तसं तुम्हाला सांगायचं म्हटलं, तर मला जागा एकच दिसते. मास्तरांची गाडी, बॉनेट वर, तुम्ही पुढच्या बाजूला वाकलेले, दुखरा खांदा खाली सोडलेला. मी मागं, पत्र्यात हात घातलेला. तुम्ही माझ्याकडं न पाहता विचारताय, मागलं टोपण लावलं का रे?

नाही नाना. लावलं नव्हतं.

आणि वायर तुम्ही नीट बसवली होती. घट्ट होती ती.